जेन दोब्री, गुड मॉर्निंग आणि विहीणबाई

आमच्या शेजारच्या पानींना मी इंग्लिश शिकवायला लागले त्याला आता दीड वर्ष होईल. पानी हे त्यांचं नाव नाही हां, पोलिशमध्ये बाईला पानी म्हणतात आणि पुरुषाला पान, म्हणजे आपलं ताई, बाई, मॅडम, श्रीमती सगळं त्या एका शब्दात येतं. त्यांचं खरं नाव इथे लिहीत नाही कारण त्यांना विचारलेलं नाही, आणि तसंही मी त्यांना पानीच म्हणते.

पोलंडमधल्या व्रोत्सवाफला आम्ही राहायला आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी बेल वाजवली, हातात चीजकेकची ताटली होती, आणि मी दार उघडून उंबऱ्याच्या आतूनच हात पुढे केला तर त्यांनी माझा हात धरायच्या ऐवजी पटकन आत पाऊल टाकलं आणि मग हात मिळवला. नंतर कळलं की उंबऱ्यावरून हात मिळवणं इथे अशुभ मानतात. मला एकदम आजीच आठवली, उंबऱ्यावर उभं राहून काही दिलं-घेतलं की ती ओरडायची, "आधी आत ये नाहीतर बाहेर हो, मग दे." सहा हजारांहून जास्त किलोमीटरवर येऊन परत तोच उंबरा भेटला आणि या बाईशी आपलं जमणार हे मला त्याच दिवशी समजलं.

पानी सदुसष्ट वर्षांच्या आहेत. त्यांच्या शाळेत रशियन सक्तीचं होतं, त्या पिढीतल्या सगळ्यांनाच होतं, इंग्लिश शाळाशाळांत पसरलं ते १९८९ ला कम्युनिस्ट राजवट गेल्यानंतर, तोवर यांचं शिक्षण संपून नोकरी लागून मुलगी पण झालेली. मग २००४ साली मे महिन्यात पोलंड युरोपियन युनियनमध्ये गेला आणि ब्रिटनने पहिल्या दिवसापासून कामाची दारं उघडली तशी इथली पोरं भराभर तिकडे गेली. २०११ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये इंग्लिशच्या खालोखाल सगळ्यात जास्त लोकांनी आपली मुख्य भाषा म्हणून सांगितलेली भाषा पोलिश निघाली, सुमारे ५ लाख ४६ हजार लोकांची. त्या आकड्यात पानींची मुलगी पण आलीच. तिने तिकडेच लग्न केलं, जावई इंग्लिश, नात सहा वर्षांची, तिला पोलिश समजतं पण बोलताना अडतं. आणि आता जावयाची आई पहिल्यांदा पोलंडला येणार होती.

पानी मला म्हणाल्या, मला ग्रामर नको, मला परीक्षा द्यायची नाहीये, मला फक्त ती दारात आली की चार शब्द नीट बोलायचेत. आत या, बसा, मी अमुकची आई, तुम्हाला भेटून बरं वाटलं. आधी त्यांनी फोनवर एक ॲप लावून बघितलं होतं, त्यात तीन आठवडे मुलगा सफरचंद खातो आणि मांजर दूध पिते हेच चाललेलं. मांजर दूध पिते हे विहिणीला कशाला सांगू, असं त्यांनी अगदी कळवळून विचारलं आणि मला ते इतकं पटलं की मंगळवार आणि शुक्रवार ठरवूनच टाकले. मी कोल्हापूरला आठ वर्षं इंग्लिश शिकवलंय, पण सगळं मराठी मुलांना. पोलिश माणसाला शिकवताना पहिल्या अर्ध्या तासातच लक्षात आलं की मुळात अडतं कुठे तेच वेगळं आहे.

आता गुड मॉर्निंगच घ्या. पोलिशमध्ये सकाळपासून अंधार पडेपर्यंत एकच, जेन दोब्री, म्हणजे शब्दशः 'चांगला दिवस'. सकाळी नऊला पण तेच आणि दुपारी चारला पण तेच. लिफ्टमध्ये शिरताना, डॉक्टरकडे वेटिंग रूममध्ये अनोळखी लोक बसलेले असताना, दुकानात, सगळीकडे आधी जेन दोब्री म्हणायचं आणि निघताना दो विद्झेन्या, न म्हणता शिरलं तर माणूस उद्धट ठरतो. त्यामुळे अभिवादनाची सवय पानींना माझ्यापेक्षा कितीतरी जास्त, पण मॉर्निंग संपून आफ्टरनून नक्की कधी लागतो हे त्यांना घड्याळात दाखवून हवं होतं. बाराला, म्हटलं. बारा वाजून एक मिनिटाला? हो. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. गुड इव्हनिंग सोपं गेलं, कारण संध्याकाळचं दोब्री व्येचुर त्यांच्याकडे आहेच, आणि गुड नाइट आल्यावर म्हणायचं नाही, झोपायला जाताना म्हणायचं हे तर सांगावंच लागलं नाही, त्यांचं दोब्रानोत्स अगदी तसंच वागतं.

उच्चारांचं मात्र बसून करावं लागलं. शब्दाच्या शेवटी द, ग, व आला की पोलिश जीभ तो त, क, फ करते, त्यामुळे गुड मॉर्निंगचं होतं गुत मॉर्निंक. हॅलोचा ह घशातून येतो, जवळजवळ खेलो. थँक यूचं सेंक यू किंवा फेंक यू. आपण मराठी माणसं आपला थ लावून मोकळे होतो, तो पण इंग्रजांचा थ नाहीच, पण निदान समोरच्याला कळतं, यांच्याकडे ह मिसळलेली अक्षरंच नाहीत, ख नाही, थ नाही, भ नाही. मी आरसा आणला आणि जीभ दातांत धरून हवा सोडायला सांगितलं. पानी आरशात बघून म्हणाल्या की आयुष्यभर मुलीला जीभ बाहेर काढू नको सांगितलं आणि आता हे.

आणि डब्ल्यू! पोलिशमध्ये ते अक्षर व्ही सारखं वाचतात, त्यामुळे व्हॉट, व्हेअर, वेलकम सगळं दातांवर ओठ आपटून येतं. मी दोन दिवस ओठांचा चंबू करून दाखवत होते, काही उपयोग नाही. तिसऱ्या दिवशी रस्त्यावरच्या पाटीवर शहराचं नाव वाचलं आणि डोक्यात प्रकाश पडला. व्रोत्सवाफ. पहिलं अक्षर डब्ल्यू, त्याचा उच्चार व्ही. शेवटचं पण डब्ल्यू, ते शेवटी आल्यामुळे फ. आणि मधे ते त्यांचं एल, ज्याच्यावर एक तिरकी रेघ मारलेली असते, त्याचा उच्चार अगदी बरोब्बर इंग्लिश डब्ल्यूचा. म्हणजे आवाज त्यांच्या तोंडात जन्मापासून आहेच, फक्त दुसऱ्या अक्षराच्या घरी राहतो. मी कागदावर व्हॉटचा डब्ल्यू खोडला, तिथे रेघवाला एल लिहिला आणि म्हटलं वाचा. पानींनी वाचलं, आणि जे बाहेर आलं ते एखाद्या लंडनच्या बाईने म्हणावं इतकं स्वच्छ होतं. त्यांनी परत म्हटलं. मग किचनमध्ये फिरत फिरत सात-आठ वेळा म्हटलं, वॉट, वॉट, वेलकम, वेलकम. त्या दिवशी माझ्यासाठी मुद्दाम बावारका केली, म्हणजे दूध घातलेला चहा, इथे तो लोक बाळंतिणीला देतात, एरवी सगळे बिनदुधाचा लिंबू पिळलेलाच पितात.

तो कागद अजून त्यांच्या फ्रिजवर आहे. सगळी इंग्लिश वाक्यं पोलिश स्पेलिंगमध्ये. आपण पाचवीत इंग्लिशच्या पुस्तकात पेन्सिलने खाली देवनागरीत लिहायचो ना, हाऊ आर यू, आणि बाई रागवायच्या, तसंच. मी नाही रागवले. मला आता वाटतं तेव्हा आम्हाला पण रागवायला नको होतं, आपल्या लिपीचा हात धरूनच माणूस दुसऱ्या भाषेत उतरतो.

नाव विचारणं हा तर एक वेगळाच विषय आहे. पोलिशमध्ये नाव 'काय' असं विचारतच नाहीत, नाव 'कसं' असं विचारतात, याक मा पानी ना इम्ये. त्यामुळे पानींचं पहिलं वाक्य आलं, हाऊ इज युवर नेम. मला सुरुवातीला ती चूक वाटली आणि नंतर ती चूक फार गोड वाटायला लागली, कारण नाव कसं आहे असं विचारलं की त्या नावाची जरा विचारपूस केल्यासारखं वाटतं. पण इंग्लिशमध्ये व्हॉटच, आता व्हॉट येत होतं, तेव्हा घोटवून घेतलं. परत इम्ये म्हणजे स्वतःचं नाव आणि नाझ्विस्को म्हणजे आडनाव, हे दोन शब्द वेगळे आणि लांबलांबचे, आणि इंग्लिशमध्ये बघा, फर्स्ट नेम, लास्ट नेम, सरनेम, सगळीकडे नेमच. त्या म्हणाल्या, विहिणीने नुसतं नेम विचारलं तर मी कुठलं सांगू? मला पण कोल्हापूरच्या मुलांचं आठवलं, नाव विचारलं की ते स्वतःचं, वडिलांचं, आडनाव असं तिन्ही एका दमात सांगायचे.

मग आय ॲम. इथे मला इतकी गंमत दिसली की मी रात्री नवऱ्याला उठवून सांगितलं. पोलिश माणूस 'मी' गाळतो, कारण क्रियापदातच तो असतो, यस्तेम म्हटलं की मी आलोच त्यात, आपण कसं 'आलो' किंवा 'जेवले' म्हणतो, मी लावायची गरजच नाही. त्यामुळे पानी म्हणायच्या, ॲम फ्रॉम पोलंड. आणि आपली मुलं उलट, आपण 'मी शिक्षिका', 'मी कोल्हापूरचा' म्हणतो, आहे खाऊन टाकतो, म्हणून आमच्या वर्गात यायचं, आय फ्रॉम कोल्हापूर. त्यांचा आय हरवतो आणि आपला ॲम हरवतो, दोघांनी जोडून एक वाक्य केलं असतं तर पूर्ण झालं असतं. इंग्लिशची ए आणि द ही आर्टिकलं तर दोघांच्याही भाषेत नाहीत, तिथे आम्ही दोघी एकाच बाकावर.

फ्रॉमचा धडा चालू असताना त्यांनी विचारलं तू नक्की कुठून, तेव्हा मी त्यांना वळिवड्याचं सांगितलं. दुसऱ्या महायुद्धात सायबेरियात नेलेले पोलिश लोक सुटून इराणमार्गे भारतात आले आणि १९४३ ते १९४८ कोल्हापूरजवळ वळिवड्याला त्यांची मोठी छावणी होती, सुमारे पाच हजार माणसं, जास्त करून बायका आणि मुलं, त्यांच्या शाळा, चर्च सगळं होतं तिथे. नंतर तिथेच फाळणीतले सिंधी लोक आले आणि गांधीनगर झालं. आमची आजी सांगायची की गोऱ्या बायका बाजारात यायच्या आणि भाजीवालीशी मराठीत आकडे बोलून घासाघीस करायच्या. पानींना पोलिश मुलांना आसरा देणाऱ्या जामनगरच्या राजाचं माहीत होतं, त्यांच्या नावाचा चौक आहे वॉर्सात, पण कोल्हापूरचं नव्हतं माहीत. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, त्या बायकांनी पहिला शब्द कुठला शिकला असेल? मला आकडे वाटतात, त्यांना नमस्कार वाटतो.

पण सगळ्यात जास्त दिवस आम्ही ज्याच्यावर अडलो तो शब्द म्हणजे यू. पोलिशमध्ये 'तू' आहे, त्याला 'ती' म्हणतात, आणि परक्या किंवा मोठ्या माणसाला 'ती' म्हणायचं नाही, पान किंवा पानी म्हणून थेट तृतीय पुरुषात बोलायचं, म्हणजे 'पानींना चहा हवा का' असं पानींनाच विचारायचं. आपल्याकडे 'साहेब बसणार का' म्हणतात तसं. आणि अहो-जाहोवरून अगं-तुगंवर यायचं असेल तर ते आपोआप होत नाही, वयाने मोठी असते तिने तसं सुचवायचं असतं, कधी त्यासाठी हातात हात गुंफून एकेक पेला पण पितात. हे सगळं समजणाऱ्या बाईला मी सांगत होते की यू, सगळ्यांना यू, नातीला यू, विहिणीला यू, कुत्र्याला पण यू. त्यांचा चेहरा उतरला. म्हणजे मी तिला पहिल्याच भेटीत कुत्र्यासारखं बोलू?

मिसेस लावा, म्हटलं. त्यांनी लगेच मिसेस आणि पुढे विहिणीचं पहिलं नाव लावलं. कारण पोलिशमध्ये पानी अन्ना, आणि हाक मारताना पानी आन्यू, हे अगदी रोजचं आहे, मान पण राहतो आणि जवळीक पण. आपलं अनिताताई, सुलूमावशी, प्रकाशराव. आणि इंग्लिशमध्ये मिसेसच्या पुढे आडनावच लागतं. म्हणजे एक तर मिसेस आडनाव, जे बँकेतल्यासारखं गार वाटतं, नाहीतर नुसतं नाव, जे पानींना अंगावर आल्यासारखं वाटतं. आपल्या दोघींच्या भाषेत जी मधली पायरी आहे ती तिथे नाहीच. मी इतकी वर्षं इंग्लिश शिकवलं आणि ही पायरी तिथे नाही हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं, कारण आम्ही ती स्वतःच बांधून घेतली होती, जोशी सर, अनिता मॅडम, कोणी हटकलं नाही कधी. नाव पण बदलत नाही इंग्लिशमध्ये, तुम्ही त्याच्याबद्दल बोला नाहीतर त्याला हाक मारा, तेच. पोलिशमध्ये मारेकला हाक मारताना मार्कू होतं, आपण देवाला देवा म्हणतो आणि मुलांना मुलांनो म्हणतो तसं, हाकेत नाव जरा वाकतं, समोरच्याकडे वळतं.

दोन आठवडे यावर तोडगा निघेना. मग एका शुक्रवारी मी प्लीज कॉल मी हे वाक्य घेतलं, सहज, यादीत पुढचं होतं म्हणून. प्लीज कॉल मी अन्ना. पानींनी अर्थ विचारला. म्हटलं, मला अन्ना म्हणा, चालेल मला. त्या थांबल्या. म्हणजे हे तिने सुचवायचं? हो, ज्याचं नाव तोच सुचवतो. आणि मी पण सुचवू शकते, मी यजमान आहे, मी आधी सुचवू शकते? हो. तर टेबलावर थाप मारून म्हणाल्या, अगं मग हेच तर ते! पेल्याशिवाय. आमच्यासारखंच आहे की त्यांचं, परवानगी देतातच, तू हे आधी का नाही सांगितलंस!

ते वाक्य त्यांनी इतक्या प्रेमाने पाठ केलं. मला वाटतं इंग्लिशमध्ये मान नसतो हे आपण उगाच म्हणतो, तो शब्दात नसून वाक्य कसं ठेवता त्यात असतो, कुड आय, वुड यू लाइक, प्लीज, आणि आवाज खाली आणण्यात. पण ते सांगणारं कोणीतरी भेटावं लागतं, नाहीतर माणूस पुस्तकातलं यू घेऊन जातो आणि आत कुठेतरी लाजत राहतो.

प्लीजचं पण सांगते. प्रोशे हा एक शब्द पोलिश माणूस दिवसातून शंभरदा वापरतो, कृपया म्हणून, घ्या म्हणून, आत या म्हणून, काय म्हणालात म्हणून, आणि कोणी आभार मानले की असू दे म्हणून पण. त्यामुळे पानी चहा ठेवताना म्हणायच्या प्लीज, मी थँक यू म्हटलं की परत प्लीज. हिअर यू आर आणि यू आर वेलकम शिकवलं, पण हातात ताटली असली की तोंडातून प्लीजच यायचं. आपल्याकडे उलटं, घ्या ना म्हणताना त्या 'ना' मध्येच सगळं येतं, वेगळा प्लीज लागतच नाही.

आणि नो. पोलिशमध्ये गप्पांमध्ये 'नो' म्हणजे 'हो ना', 'मग काय'. फोनवर ऐकलं की सारखं नो, नो, नो चाललेलं असतं आणि माणूस सगळ्याला होकार देत असतो. यस म्हणजे ताक, हे तर मी माझ्या आईला सांगितल्यावर तिने दोनदा विचारलं, ताक?

हाऊ आर यू वर मात्र पानींनी वाद घातला. इथे त्सो स्वीहाच विचारतात, म्हणजे 'काय ऐकू येतंय', आपलं 'काय खबर' म्हणा, आणि त्याला उत्तर येतं स्तारा ब्येदा, 'जुनीच गरिबी', किंवा 'जुन्यासारखंच'. आपलं 'चाललंय'. बरं नसताना फाइन म्हणायचं हे त्यांना खोटं बोलल्यासारखं वाटलं. गुडघा दुखतोय तर फाइन कसं? मी सांगितलं की तो प्रश्न खरंतर प्रश्न नाहीये, दुसरा हॅलो आहे. ते त्यांना नाहीच आवडलं, आणि मी जास्त ताणलं नाही. नॉट बॅड शिकवलं. त्यावर तडजोड झाली.

शेवटी राहिलं धिस इज माय. शेजाऱ्यांना ओळख करून द्यायची तर काय म्हणायचं? मराठीत विहीण, संपला विषय. पोलिशमध्ये स्वातोवा असा जुना शब्द आहे, त्यांची आजी गावाकडे म्हणायची, शहरात कोणी म्हणत नाही आता. आणि इंग्लिशमध्ये माय डॉटर्स मदर-इन-लॉ, म्हणजे माझ्या मुलीची सासू, त्यात माझं तिच्याशी काहीच नाही, सगळं मुलीमार्फत. पानींनी माझ्याकडून विहीण तीनदा म्हणवून घेतलं. त्यांना ह जमला, ण चा न झाला. विहीन. कागदावर सगळ्यात खाली पोलिश अक्षरांत लिहून ठेवला.

विहीणबाई जूनमध्ये आल्या, विमान लेट झालं, घरी पोचायला रात्रीचे साडेअकरा. मी दुसऱ्या दिवशी दुपारी जिन्यात भेटले तर पानींचा चेहरा बघण्यासारखा. म्हणाल्या, दार उघडलं तर तिने बाहेरूनच हात पुढे केला, उंबऱ्यावरून! मग? मग काय, मी ओढलं तिला आत आणि मग दिला हात. आणि ती म्हणाली, जेन दोब्री. तिने पण शिकून ठेवलं होतं, विमानात पाठ करत होती म्हणे.

रात्री साडेअकराला जेन दोब्री?

हो.

मग तुम्ही गुड इव्हनिंग म्हटलंत ना?

नाही, म्हणाल्या, मी पण जेन दोब्रीच म्हटलं, पाहुणीला दारात कोण दुरुस्त करतं. गुड मॉर्निंग सकाळी म्हटलं, ती सपाता शोधत किचनमध्ये आली तेव्हा. आणि चहा दिला, तू केव्हापासून सांगतेस तरी, प्लीज म्हणूनच दिला.